मंगळवारची रिकामी जागा

छावणी, छत्रपती संभाजीनगर
गुरुवार, रात्र

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार. दुपारी फोनवर तू विचारलंस, "छावणी मोडणार म्हणजे लष्कर चाललं का रे?" मी बाजारात होतो, बैलांच्या गलक्यात धड बोलता येईना, म्हणून आता लिहितो. लष्कर कुठंच जात नाही. जाणार ते कॅन्टोन्मेंट बोर्ड, छावणीतल्या वस्तीचा नागरी कारभार बघणारं. २०२३ साली हिमाचलातल्या योल छावणीपासून सुरुवात झाली. फौजेचा भाग लष्करी ठाणं म्हणून राहायचा, आपली वस्ती महापालिकेत जायची, असा बेत. रस्ते, दिवे, नळ महापालिकेला फुकट मिळतील, पण बोर्डाची देणीही सोबत येतील. तुमच्या खडकीपुढंही हाच प्रश्न, तेव्हा हसू नकोस. मलिक अंबरच्या खडकीतून, म्हणजे आपल्या या शहरातून, उठून पुण्याच्या खडकीत गेलास, तरी छावणी काही सुटली नाही तुझी!

जुन्या ग्रँटच्या बंगल्यांचं तुला माहीतच आहे: भिंती आपल्या, जमीन सरकारची. ती आता नावावर होणार म्हणून शेजारी पेढे आणायला निघालेत. मी म्हटलं, थांबा जरा. जिथं केंद्राचा मालकी हक्क आहे, तिथं तो केंद्राकडंच राहणार, असं नियमावलीत आहे.

पण माझी काळजी वेगळीच. परवा एका बैठकीला गेलो. भिंतीवर हा एवढा नकाशा. बंगले, चर्च, बराकी, सगळं रंगवलेलं. आणि गुरुवारच्या बाजाराच्या जागी पांढरा पट्टा, वर 'रिकामी जागा'. तिथं पार्किंग आणि गाळे सुचवलेले. नकाशा काढणारा पोरगा उद्धट नव्हता. विचारलं, "बाबा, मोजणीला कोणत्या वारी आला होतास?"

"मंगळवारी, काका."

आज त्याला बाजारात घेऊन गेलो. एक शेतकरी आणि दलाल उपरण्याखाली हात घालून उभे, तोंडानं अवाक्षर नाही, नुसती बोटं दाबणं चाललेलं. पोरगा म्हणतो, "भाव कुठं लिहितात?" दलाल असा हसला की बैलानं मान वळवली. मग पोरानं वही काढली. दावण कुठं, पाणी कुठं पाजतात, कडब्याच्या पेंढ्या, टेम्पो कसे वळतात, सगळं टिपलं. उन्हात दोन तास.

आपल्या मुलखाला हे नवं नाही. माझे पणजोबा मोमिनाबादच्या, म्हणजे आजच्या अंबाजोगाईच्या, रिसाल्याला, म्हणजे घोडदळाला, गवत पुरवायचे. १९०३ साली हैदराबाद कंटिंजंट, म्हणजे निजामाच्या खर्चानं चालणारी इंग्रज अधिकाऱ्यांची फौज, मोडली आणि घोडे गेले. म्हातारा वर्षभर गंजी राखत बसला म्हणे, कोणीतरी येईल म्हणून. शेवटी बिऱ्हाड घेऊन इकडं आला. तिथल्या इमारतींचं काय करायचं ते कोणीतरी ठरवलंच असेल. गवतवाल्याला कोण विचारतो?

तुमच्याकडं असे नकाशे निघाले असतील तर एखादा फोटो पाठव. वहिनींना नमस्कार.

पुढची बैठक पुन्हा मंगळवारीच ठेवली होती. मी गुरुवार मागून घेतलाय, सकाळी दहाला, बाजारातच.

तुझा,
सुध्या