ताडोबा राहू दे, सिल्लारीला चल

नागपूर,
जानेवारीतला शेवटचा रविवार

प्रिय पक्या,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. ताडोब्याला तीन रात्री, रिसॉर्ट, चार सफाऱ्या, आणि हे सगळं करून "वाघ नक्की दिसेल ना बे?" एवढ्याचं उत्तर फोनवर देत बसलो तर तू मधेच तोडशील, म्हणून लिहितो.

नक्की कोणीच सांगू शकत नाही. जो सांगेल त्याला पैसे देऊ नको. आणि तीन रात्रींची गरजही नाही. घरी उतर, पहाटे चारला उठ, आपण सिल्लारीला, म्हणजे पेंचच्या जंगलाच्या गेटवर, जाऊ आणि दुपारी जेवायला परत येऊ. काकांनाही झेपेल.

आपली गंमत बघ. लहानपणी आपण वाघ पाहिला तो महाराजबागेतल्या पिंजऱ्यात. पाव दिवसाच्या अंतरावर खरे वाघ फिरत होते आणि आपल्या घरच्यांनी एकदाही तिकडे गाडी वळवली नाही. जंगल म्हणजे फॉरेस्टच्या लोकांचं आणि शिकारीच्या गोष्टींचं. आता मुंबई-पुण्याची माणसं विमानतळावर उतरतात ती थेट जिप्सीतच बसतात, आणि शहराने स्वतःला 'टायगर कॅपिटल' म्हणवून घेतलंय. उगीच नाही म्हणा. उत्तरेला पेंच, उमरेडच्या पुढे कऱ्हांडला, वर्ध्याकडे बोर, गोंदिया-भंडाऱ्याकडे नवेगाव-नागझिरा, दक्षिणेला ताडोबा. कुठलीही दिशा धर, रस्ता शेवटी कुठल्या ना कुठल्या गेटवरच जातो.

तुला ताडोबाच का हवंय ते कळतं. राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान ते, 1955 चं, आणि वाघ दिसण्याची शक्यताही तिथे जास्त. पण त्यामुळेच तिथे गर्दी आणि बुकिंगची मारामार. शिवाय तिथल्या मोहर्ली गेटपर्यंत जायचं तर जाऊन-येऊन पूर्ण दिवस मोडतो, आणि मंगळवारी बंद. पहिल्यांदाच जाणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे जाऊन माणूस जंगल बघतच नाही, फक्त पुढच्या जिप्सीची पाठ बघतो.

आम्ही गेलो ते परवाच्या आठवड्यात. मी, हिचा मुंबईचा भाऊ आणि त्याची आठवीतली पोरगी. मेव्हणा कॅमेऱ्याची एवढी मोठी नळी घेऊन आला होता की तिला वेगळी सीट द्यावी लागली. चारला निघालो, कामठी रोडने कन्हान ओलांडलं, मनसरला टपरीवर चहा घेतला. थंडी अशी की ग्लास कोणी खाली ठेवेना. मनसरच्या पुढे हायवे जंगलातून जातो आणि जागोजागी खांबांवर उचललेला आहे. मेव्हण्याला वाटलं खाली नदी आहे. नदी नाही रे, तो प्राण्यांसाठी सोडलेला रस्ता आहे. वरून ट्रक आणि खालून जनावरं. त्यातले काही तर 750 मीटरपर्यंत लांब आहेत. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने खाली कॅमेरे लावले तर चितळ-डुकरं तर सोडच, वाघही त्यातून ये-जा करताना सापडले. एवढा खर्च कशाला म्हणून तेव्हा पुष्कळ आरडाओरडा झाला होता. मला विचारशील तर या रस्त्यावर केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच.

पवनीहून डावीकडे वळलं की सिल्लारी. शहरापासून 70 किलोमीटरच्या आसपास. गेटवर ओळखपत्रं तपासतात, मूळ कार्ड लागतं, आणि बुकिंग ज्या नावाने आहे तेच नाव हवं. मोबाईल बंद करून ठेवायला सांगतात. मग जिप्सी आणि गाईड. गाईड आपल्याला निवडता येत नाही, जवळच्या गावातल्या गाईडांचा नंबर लागलेला असतो, ज्याची पाळी तो आपला. आमच्या वाट्याला एक ताई आल्या. खाकी शर्ट, वरून जाड स्वेटर, डोक्याला मफलर. मेव्हण्याचा चेहरा जरा पडला, ते मला दिसलं. त्यांनाही दिसलं असणार.

तर पक्या, हे सगळं पत्र खरं म्हणजे त्या ताईंसाठी लिहितोय. मी तुला वाघासाठी ये म्हणत नाही, गाईडसाठी ये म्हणतो.

आत शिरून दहा मिनिटं होतात न होतात तर त्यांनी गाडी थांबवली. धुळीत पंजा उमटलेला. आम्ही तिघेही वाकलो. ताई म्हणाल्या, "पंजा नंतर बगा जी, आधी टायर बगा." आदल्या संध्याकाळच्या जिप्सीच्या चाकाची नक्षी होती आणि पंजा तिच्यावर पडलेला. म्हणजे गाड्या बाहेर पडल्यानंतर, रात्रीतून वाघ इथून गेला. चाक पंजावरून गेलेलं असतं तर जुनी गोष्ट. मग त्यांनी दाखवलं की नराचा पंजा चौकोनाकडे झुकतो, मादीचा लांबट असतो, आणि हा मादीचा. पुढे एका सागाच्या बुंध्यापाशी त्यांनी नाक वर करून वास घेतला आणि आम्हालाही घ्यायला लावला. वाघीण शेपटी वर करून झाडावर फवारा मारते, हद्द सांगायला. त्याला चक्क चिन्नोरचा भात शिजत असल्यासारखा वास येतो! मला वाटलं आपल्याला फसवताहेत. घरी येऊन वाचलं तर सुगंधी तांदळात जे रसायन असतं तेच त्या फवाऱ्यातही सापडलंय. पोरीने तो वास एवढ्या जोरात घेतला की तिला शिंका सुरू झाल्या.

मग कॉल, म्हणजे जनावरांची धोक्याची हाक, सुरू झाला. आधी वानर, वरून कुठून तरी खॅक-खॅक. पाठोपाठ चितळ. मेव्हणा नळी सरसावून उभाच राहिला. ताई मात्र शांत. म्हणाल्या, "चितळ उगाचच भिते जी. कुत्र्याले भिते, बिबट्याले भिते, कधी आपल्या सावलीलेबी. सांबर बोललं तर मानायचं." आणि आम्ही सांबराची वाट बघत बसलो. इंजिन बंद. ते पंधरा-वीस मिनिटं बसणं मला फार आवडलं. चितळांचा कळप झाडाखाली चरत होता, वरून वानरं पानं-फळं अर्धवट खाऊन टाकत होती आणि खाली चितळ ती उचलत होते. वरचा पहारा, खालची नाकं, असा दोघांचा व्यवहार जमलेला. सांबर काही बोललं नाही.

बोलली ती शिट्टी. मला वाटलं पाखरू. ताई एकदम ताठ झाल्या, पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदलला. "ढोल! ढोल हाय!" आणि वळणावरून रानकुत्रे आले. तांबूस, काळी झुपकेदार शेपटी, सात-आठ असतील. गाडीसमोरून घाईत असल्यासारखे गेले, एकाने थांबून आमच्याकडे बघितलं, परत तीच शिट्टी, आणि बांबूत गडप. भुंकत नाहीत ते, शिट्टीवर एकमेकांना धरून असतात. ताई सांगत होत्या की टोळीने एखादं चितळ धरलं तर बघता बघता संपवतात, कारण वाघ येऊन हिसकावेल ही भीती. जागतिक यादीत हा प्राणी वाघासारखाच संकटग्रस्त आहे, पण त्याच्यासाठी कोणी विमानाचं तिकीट काढत नाही. ताईंना वाघापेक्षा यांचंच कौतुक जास्त. कारण विचारलं तर म्हणाल्या, वाघ आम्हाले वावरातबी दिसते.

हे बोलणं सहज होतं, पण मी नंतर बराच वेळ त्यावर अडकलो. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो तेव्हा त्यांच्या गावातल्या बाया अंधारातच वेचायला जातात. माणूस वाकलेला असतो, टोपलीत लक्ष, आजूबाजूला अस्वलही मोहासाठीच आलेलं. मग तेंदूपत्ता. चंद्रपूरकडून येणाऱ्या वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या तू वाचतोसच. त्यांच्या आईने त्या जंगलात मोह वेचला आणि त्या त्याच जंगलात आता गणवेश घालून पाहुण्यांना फिरवतात. या नोकरीमुळे घरात रोजी येते, म्हणून वाघ असावा असं गावाला वाटतं. सगळ्यांनाच वाटतं असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

शेवटी तोतलाडोह धरणाचं पाणी दिसलं. पलीकडचा काठ मध्य प्रदेश. मेव्हण्याची पोरगी विचारत होती की हे पाणी कुठे जातं. अगं, तुझ्या आत्याच्या नळाला! पेंच नदीचं हेच पाणी खाली नवेगाव खैरीच्या धरणात येतं आणि तिथून नागपूरला. तू धंतोलीत ज्या नळाखाली बादली लावून भांडायचास, त्याचं मूळ इथे आहे. हे मला पन्नाशी गाठेपर्यंत डोळ्यांनी दिसलं नव्हतं.

वाघ दिसला नाही. गेटवर बाहेर पडताना आत जायला थांबलेल्या गाडीतून एक जण ओरडला, "काही दिसलं का?" मेव्हणा म्हणाला, "नाही, काही नाही." पोरगी त्याच्याकडे अशी बघत होती की मला हसू आवरेना. परतीच्या वाटेवर त्याने ड्रायव्हरवर खापर फोडलं, दुसऱ्या गाड्यांना फोन करायला हवा होता, जोरात न्यायला हवी होती वगैरे. मी म्हटलं, तुला गोठणगाव माहीत आहे का? 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या त्या गेटवर जिप्सींनी दोन्ही बाजूंनी रस्ता अडवला आणि एफ-2 वाघीण आणि तिची पाच पिल्लं मध्ये कोंडली गेली. व्हिडिओ सगळीकडे फिरला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड-ड्रायव्हरांवर कारवाई झाली. कारवाई झाली ते ठीकच, पण मागच्या सीटवरून "भैया, और आगे लो" म्हणणारे कोण होते? ते आपापल्या घरी गेले. म्हणून सांगून ठेवतो, तू आल्यावर गाडी पुढे घ्यायला सांगायचं नाही आणि काकांनाही सांगू द्यायचं नाही. काकांचं 'आमच्या जमान्यात' सुरू झालं की मी बघून घेईन.

याच कऱ्हांडल्यात जय वाघ होता, आठवतो? 2013 मध्ये नागझिऱ्याहून शेतं, रस्ते, नदी पार करत आलेला, नंतर गळ्यात रेडिओ कॉलर बसवलेला, आणि एप्रिल 2016 पासून बेपत्ता. एक वाघ स्वतःच्या पायाने आला म्हणून त्या अभयारण्याचं नाव देशभर झालं. त्याचं पुढे काय झालं याच्या पानठेल्यावर अजूनही शपथेवर गोष्टी ऐकायला मिळतात, प्रत्येक ठेल्यावर वेगळी.

आता तुझ्या कामाचं. एप्रिल म्हणालास. तेव्हा गवत वाळलेलं, पानं झडलेली, पाणवठे मोजके, म्हणून वाघ दिसण्याची शक्यता वाढते. पण दुपारची फेरी काकांना अजिबात नको, आपलं ऊन तुला माहीत आहे. सकाळचीच घ्यायची. त्यांना मधल्या रांगेत बसवू, सगळ्यात मागची सीट चाकावर येते आणि कंबर खिळखिळी करते. जिप्सीत सहा जण मावतात, म्हणजे तुम्ही चौघे आणि आम्ही दोघे, हिशेब बरोबर. मार्चअखेर जमवलंस तर अजून बरं, मोहाचा वास असतो आणि ऊनही तेवढं नसतं. पावसाळ्यात मात्र कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, बंद, जुलैत येऊन माझ्या नावाने बोंब मारू नको.

आणि धाकट्याला वाघ दिसलाच पाहिजे असा हट्ट असेल तर गोरेवाडा आहे, शहरातच. 2021 च्या 26 जानेवारीला तिथली सफारी सुरू झाली. बसमधून फिरवतात, वाघ, बिबट, अस्वल, सगळं कुंपणाच्या आत. जंगल नव्हे ते, पण पोरगं खूश होईल आणि त्याच्या आग्रहातून आपली सिल्लारी मोकळी होईल. आदल्या दिवशी ते उरकून टाकू.

बुकिंग ऑनलाइन होतं आणि मी करतो. सगळ्यांची नावं आधारवर आहेत तशीच्या तशी पाठव, काकांचं नाव तर स्पेलिंगसकट. वहिनींना सांग, पांढरे आणि भडक कपडे नको, परफ्यूम तर मुळीच नको. येताना बाकरवडी आण, पण जिप्सीत काढायची नाही. तारीख लवकर कळव.

तुझा,
बाळ्या

ता. क. मेव्हण्याचा काल फोन आला. मे महिन्यात सिल्लारीचं बुकिंग मिळेल का विचारत होता. त्या ताई पुन्हा मिळतील का, हेही विचारलं. म्हटलं नंबर लागतो बाबा, तुझ्या नशिबावर आहे.