नाना, तुमच्या कटकटीबद्दल

आदरणीय नाना,
साष्टांग नमस्कार.

हे सगळं तुमच्या घरी येऊन सांगायला हवं होतं. पण मी विषय काढला की तुम्ही "चहा टाक बाप्पा, बाकीचं राहू दे" म्हणून तो कापता. असं तीनदा झालं. म्हणून मंडळाच्या दिवाळी अंकात लिहितेय, इथे तुम्हाला मधे बोलता येणार नाही. शिवाय मंडळातली आणखी चार-पाच पोरं यंदा शिकारीचं लायसन काढतायत. त्यांनी वाचलं तर बरंच, पण त्यांच्या बायकांनी वाचावं अशी माझी जास्त इच्छा आहे.

आधी कबुली देते. दोन वर्षं माझा तुमच्यावर राग होता. माझं माहेर माळकरी. देशात 1972 च्या कायद्याने शिकारीला बंदी, त्यामुळे शिकार म्हटलं की मला जुन्या राजेमहाराजांचे फोटो नाहीतर कोर्टातल्या केसेस आठवायच्या. आणि इथे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनात तुम्ही माझ्या कोल्हापूरच्या नवऱ्याला, ज्याला मटणासाठी निमित्तच लागतं, सांगितलंत की हरणं उदंड आहेत, रीतसर लायसन मिळतं, एक हरीण झालं की फ्रीजर भरतो. झालं! नोव्हेंबर आला की आमच्या घरात, शिकारी दुरून दिसावा म्हणून घालायच्या भडक नारिंगी कपड्यांचा ढीग. (कायद्याने गुलाबीही चालतो, 2016 पासून. मी मुद्दाम गुलाबी टोपी आणली, ती त्याने अजून घातलेली नाही.)

मांस मी आजही खात नाही, कढई वेगळी आहे, आणि हरणाचं डोकं तपासणीला देऊन आजाराचा रिपोर्ट येईपर्यंत ते मटण माझ्या फ्रीजरमध्ये शिरत नाही. यात बदल झालेला नाही. आभार शिकारीबद्दल नाहीतच. तुमच्या कटकटीबद्दल आहेत.

तो पहिला शनिवार आठवतो? हरणाची वाट बघत झाडावर उंच बसायचं, तिथून पडू नये म्हणून हा कुणाकडून तरी जुना कमरपट्टा घेऊन आला होता. एकच रुंद पट्टा, कमरेला बांधायचा आणि झाडाला अडकवायचा. तुम्ही तो हातात घेतलात, उलटसुलट पाहिलात आणि सरळ आमच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलात. "यानं पडायचा नाही, पण लटकून मरशील. पोटाला आवळतो, श्वास कोंडतो, नाहीतर माणूस उलटा होऊन निसटून जाते." मला वाटलं, काय ही अरेरावी, दुसऱ्याची वस्तू! मग तुम्ही अख्ख्या अंगाचा हार्नेस मागवायला लावलात, खांदे, छाती आणि दोन्ही मांड्यांतून जाणारा. तो आला त्या दिवशी गॅरेजच्या तुळईला हूक लावून तुम्ही माझ्या नवऱ्याला जमिनीपासून दोन फुटांवर टांगलंत.

मी दारात उभी राहून हसत होते. पहिलं मिनिट तोही हसला. तिसऱ्या मिनिटाला त्याचा चेहरा बदलला. मांडीचे पट्टे रुतत होते, पायाला मुंग्या येत होत्या. तुम्ही शांतपणे शेजारी शिडी धरून उभे. "असाच निपचित लटकून राहिला ना, तर रक्त पायात साचते. अर्ध्या तासाच्या आत माणूस जाऊ शकते. मंग? पाय हलव. सायकल मार." मग खिशातून पट्ट्याचा फास काढायला लावलात, त्यात पाऊल घालून उभं राहायला लावलंत. मांड्यांवरचा भार गेला तसा त्याने मोठा श्वास सोडला. तुम्ही म्हणालात, "आता परत." त्या दुपारी चार वेळा टांगलंत त्याला. शेवटच्या वेळी डोळे मिटून खिशातला फास शोधायला लावलात, कारण झाडावरून उतरायची वेळ ही अंधाराचीच असते.

गाठ मात्र तुम्ही मलाही शिकवलीत. दोरी मागितलीत, माझ्याकडे परकराची नाडी होती. पडद्याच्या दोरीभोवती तिचे तीन वेढे घेतलेत आणि म्हणालात, ओढ बघू. ढिली धरली की नाडी वर-खाली सरकत होती, झटका दिला की दोरीला चावल्यासारखी गच्च बसत होती. प्रूसिक गाठ. कार्ल प्रूसिक नावाच्या ऑस्ट्रियाच्या गिर्यारोहकाने 1931 मध्ये ती लोकांपुढे मांडली म्हणे. झाडावर हेच मोठ्या मापात. एक जाड दोर वर, बसल्यावर डोक्याच्याही वर खोडाला बांधलेला, दुसरं टोक बुंध्याला. हार्नेस त्या दोरावरच्या गाठीला अडकवायचा आणि चढताना गाठ हाताने वर सरकवत न्यायची. "पाय जमिनीवरून उचलला का दोर लागलेला पाह्यजे," हे वाक्य तुम्ही किती वेळा म्हणालात, मोजलेलं नाही. लोकांना वाटतं वर बसल्यावर अडकवलं की झालं. पण माणसं जास्त करून पडतात ती चढता-उतरताना, शिडीवरून फळीवर पाय टाकताना. मंडळातल्या पोरांनो, तुमच्यापैकी दोघं "वर पोचल्यावर लावतो ना" म्हणताना मी कानांनी ऐकलंय.

झाड निवडायला गेलात ती हकिगत मी याच्याकडूनच ऐकली. याला शेताच्या कोपऱ्यावरचं एक सरळसोट झाड पसंत पडलं होतं. तुम्ही सालीवर नख फिरवलंत आणि मान हलवलीत. अ‍ॅशचं झाड. सालीत इंग्रजी डी अक्षरासारखी बारीक भोकं, सुतारपक्ष्यांनी वरची साल सोलून पांढुरके पट्टे पाडलेले. आशियातून आलेला एक हिरवा चमकदार किडा अमेरिकेत 2002 मध्ये मिशिगनला सापडला, 2008 मध्ये आपल्या राज्यात, आणि तेव्हापासून अ‍ॅशची झाडं उभ्याउभ्या मरतायत. मेलेलं अ‍ॅश दिसायला दणकट, आतून मात्र फार लवकर ठिसूळ होतं. तुम्ही याला ओढ्याच्या बाजूच्या जिवंत ओककडे नेलंत. तुमच्या भाषेत मचाण, याच्या भाषेत स्टँड, ते तिथे लागलं. शिडी उभी करताना तिघं जण लागतात असा तुमचा हट्ट, म्हणून शेतमालकालाही बोलावलंत. सीझन संपला की सगळे पट्टे काढून घरी आणायचे, हाही तुमचाच हट्ट. वर्षभर उन्हापावसात ठेवले तर ते कुजतात, खारी कुरतडतात, आणि झाड जाड होत जातं तसे ताणून तुटतात. माझ्या गॅरेजमध्ये हा पसारा आठ महिने पडून असतो. तुम्हाला यावरूनही मनात बोल लावले आहेत मी.

आता फ्रीजवरचा कागद. हा मात्र काकूंचा नियम, हे मला नंतर कळलं. लग्नानंतरच्या पहिल्याच सीझनला काकूंनी तुम्हाला बजावलं होतं की कुठल्या झाडावर बसणार ते लिहून द्या, नाहीतर डबा मिळणार नाही. तुम्ही तोच नियम आमच्या घरी आणलात. मला तो मुलांच्या शाळेच्या चिठ्ठीसारखा वाटायचा. 24 नोव्हेंबर 2024, रविवारचा कागद असा होता: "उत्तरेचं कुंपण, ओढा ओलांडून दुसरा ओक, शिडीचा स्टँड. साडेपाचला फोन."

फोन पाचला दोन मिनिटं कमी असताना आला. सूर्य साडेचारच्या आतच मावळलेला. याने तुम्ही सांगितल्याप्रमाणे बंदूक रिकामी करून आधी दोरीने खाली सोडली होती. मग वळून शिडीवर पाय ठेवला. पायरीवरच्या ओलीचं बर्फ झालेलं. बूट सरकला, दुसरा पाय हवेत, उजवा खांदा खोडावर आदळला, आणि हा जेमतेम हातभर खाली येऊन थांबला. गाठ चावली होती. खाली सोळा फूट आणि ओकची वर आलेली मुळं. आधी काहीच सुचलं नाही, म्हणाला, मग कानात तुमचा आवाज आला: सायकल मार. खोडाला पाय लावले, डाव्या हाताने खिशातला फास काढला, त्यात उभा राहिला, शिडीवर आला. पण उजवा हात उचलत नव्हता आणि एका हाताने उतरायची हिंमत होईना. फोन छातीच्या खिशात होता, पिशवीत नाही. तोही तुमचाच नियम.

मला म्हणाला, "मी ठीक आहे, पण नानांना सांग." मी तुम्हाला फोन लावला आणि फ्रीजवरचा कागद वाचून दाखवला. ते शेत मी कधी पाहिलेलं नाही. उत्तरेचं कुंपण कुठे, ओढा कुठे, मला काही माहीत नव्हतं, मी नुसतं वाचत होते. तुम्ही एकही प्रश्न न विचारता "निघालो" म्हणालात. मग मी काय केलं? कुकर लावला. शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताचा लगदा झाला. अठराव्या मिनिटाला तुम्ही झाडाखालून बोललात. मागे शेतमालकाचा आवाज होता आणि हा तुम्हाला म्हणत होता, "नाना, सॉरी, आज काहीच मिळालं नाही." माझा बांध तेव्हा फुटला.

स्नायू फाटला, सहा आठवडे हात झोळीत. डॉक्टरांनी विचारलं किती उंचीवरून पडला, आणि याने सांगितलं, पडलो नाही.

पुढच्या शनिवारी तुम्ही कात्री घेऊन आलात. याला तो हार्नेस आठवण म्हणून ठेवायचा होता. "काहीच झालेलं दिसत नाही की त्याला." तुम्ही म्हणालात, "दिसत नाही, म्हणूनच." एकदा झटका खाल्लेल्या शिलाईचा भरवसा नाही, आणि घरात राहिला तर कुणीतरी कधीतरी अंगात घालेलच. तुम्ही पट्टे एकेक करून कापलेत, अगदी चार-चार इंचांचे तुकडे, आणि मला झाडू आणायला सांगितलंत. मी तुकडे गोळा करत होते तेव्हा त्यातला एक तुम्ही मला दाखवलात. त्यावर बनवल्याची तारीख छापलेली होती. बहुतेक कंपन्या पाच वर्षांनी टाकून द्या म्हणतात, याचा अजून दोनच वर्षांचा होता. "पैसे गेले," मी म्हणाले. तुम्ही माझ्याकडे नुसतं पाहिलंत. त्या बोलण्याची लाज वाटते, म्हणून तेही लिहून टाकते.

नोव्हेंबरात सीझन सुरू होतो. 1 जानेवारी 1973 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचा सुरक्षा कोर्स सक्तीचा आहे. तुम्ही त्याच्या कितीतरी आधीचे, तरी याच्याबरोबर वर्गात जाऊन बसला होतात. या वर्षी मंडळातली पोरं कोर्स करतायत, त्यांच्याही शेजारी बसा अशी विनंती. आमचं गॅरेज मोकळं करून ठेवते. चहा, चकली आणि काकूंना आवडतो तो रव्याचा लाडू असेल. तुळईचा हूक तसाच आहे.

नवा हार्नेस कालच मागवला. माप निवडताना वजन भरावं लागतं. याने दहा पौंड कमी लिहिलं होतं. मी खोडून खरं लिहिलं.

तुमची,
सूनबाई (तुम्हीच म्हणता म्हणून)