कोरी पानंही वाळवणाऱ्या बाइंडर मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं मामा. ज्यांनी तुमच्याकडून कधी वही शिवून घेतली असेल, त्यांना पत्र कुणाला आहे ते कळेलच.

तुमच्या हातात आलेल्या वह्या कुणाच्या होत्या हे तुम्ही विचारलं नाहीत. आज सांगतो. तो चोवीस वर्षांचा होता. फारसा बोलायचा नाही. प्रश्न मात्र विचारायचा, आणि उत्तर मिळालं की कुणी सांगितलं, कधी सांगितलं, ते तारखेसकट लिहून ठेवायचा. सायकल काढून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर जायचा, पाण्याची पट्टी वाचायचा आणि परत यायचा. पावसाळ्यात रोज दोनदा. उन्हाळ्या-हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, कारण बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, कधी घातले आणि कधी काढले हेही त्याला टिपायचं असायचं.

३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्याची नजर त्याच्या अलीकडच्या गोष्टींवर असायची. पाणी हलत असेल तर लाटेचा माथा आणि तळ बघून मधला आकडा घ्यायचा, तोही तीनदा. उंचावरून तिरकं बघितलं तर आकडा चुकतो, म्हणून शक्य तितकं पाण्याच्या पातळीला डोळा आणायचा. बातमीत ‘४३.६’ येतं तेव्हा ते ४३ फूट ६ इंच की ४३ पूर्णांक ६ दशांश फूट, हा घोळ त्यानं पहिल्याच वर्षी पकडला. दोन्हींत सव्वा इंचाचा फरक पडतो. मग त्यानं फूट आणि इंच असे वेगळे रकाने आखले, ते शेवटपर्यंत. एका पानावर नुसतं एवढंच आहे: “पट्टीला केंदाळ अडकलंय. आजचा आकडा धरू नये.” धरू नये म्हणून लिहिलंय, पण आकडाही लिहिलाय.

घराघरांच्या भिंतींवरच्या पुराच्या खुणाही तो मोजत फिरला, १९८९, २००५, २०१९, २०२१ च्या. त्यात त्याच्या लक्षात आलं की गिलाव्यावरची ओल पाण्याच्या वर चढते, कारण विटा आणि माती पाणी शोषून वर ओढतात. म्हणून खूण बघायची ती खिडकीच्या काचेवर नाहीतर मीटरच्या पत्र्याच्या पेटीवर. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावतीत १४२८ क्युसेक पाणी येतं, सातही उघडले तर दहा हजारांच्या घरात. मग दरवाजे मिटल्यावरही कोल्हापुरातलं पाणी इतकं सावकाश का उतरतं? या एका प्रश्नावर त्याची चौथी वही जवळजवळ भरली आहे. पंचगंगेला उतार कमी, वळणं फार, आणि पुढं नृसिंहवाडीला कृष्णा फुगलेली असली की इकडचं पाणी पुढं सरकायला जागाच राहत नाही. हे त्यानं कुणाचं वाचून उतरवलेलं नाही, दोन्हीकडचे आकडे शेजारी-शेजारी मांडून काढलंय.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तो गेला. जुलैत पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली आणि खालच्या खोलीतली त्याची पत्र्याची पेटी पाण्यात गेली.

तुमच्याआधी काय झालं ते लिहिलंच पाहिजे. एका मोठ्या दुकानात पहिल्या दोन वह्या दिल्या. त्यांनी पानं गरम हवेखाली धरली, ती पापडासारखी वळली. मग सरळ करायला म्हणून लॅमिनेशन केलं. आतली ओल प्लास्टिकमध्ये कोंडली गेली आणि महिन्याभरात काळे ठिपके धरले. आता ते प्लास्टिक काढायला गेलं तर अक्षर त्याच्याबरोबर निघतं. वर त्याच्या आईला ऐकवलं, “आकडेच तर आहेत, झेरॉक्स काढा आणि रद्दीत घाला.” त्या दोन वह्या गेल्या त्या गेल्याच.

उरलेल्या पाच तुमच्याकडे आल्या तेव्हा तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते “उघडू नका.” बंद वही घट्ट धरून स्वच्छ पाण्यात हलवली, वरचा गाळ जाऊ दिला. ओल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरते आणि पाचही एकदम वाळवणं एका माणसाला जमणार नाही, म्हणून चार वह्या बटर पेपरात वेगवेगळ्या गुंडाळून ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवल्यात. गोठलं की बुरशी थांबते. मग एकेक बाहेर. दहा-बारा पानांआड एकेक टीपकागद, त्याहून जास्त नाही, नाहीतर वही फुगून पाठ उसवते. छापील वर्तमानपत्र अजिबात नाही, त्याची शाई उतरते. पंखा वहीकडे नव्हे, भिंतीकडे तोंड करून. दर तीन तासांनी टीपकागद बदलायचे, रात्रीसुद्धा. गंजलेल्या पिना काढून दोऱ्यानं शिवलंत. खळीत मोरचूद घातला नाहीत. किडीला तो चांगला असला तरी पुढं कागद कुजवतो, म्हणालात.

त्याचे आकडे राहिले, कारण पावसात पेन चालत नाही म्हणून तो शिसपेन्सिल वापरायचा. स्केचपेननं काढलेल्या चढउताराच्या रेषा मात्र पसरून निळा-तांबडा ढग झाल्यात.

पण हे पत्र त्यासाठी नाही. सातव्या वहीसाठी आहे.

ती वही शंभर पानांची. लिहिलेली एकोणीस. शेवटची नोंद फेब्रुवारीतली, बंधाऱ्याखाली फेस दिसला एवढीच. पुढची एक्क्याऐंशी पानं कोरी. कुणीही ती फाडून टाकली असती. काम पाव राहिलं असतं आणि कुणी विचारलंही नसतं. तुम्ही कोऱ्या पानांआडही टीपकागद घातलेत, तेही तीन-तीन तासांनी बदललेत, गाळ वाळल्यावर मऊ ब्रशनं प्रत्येक पान झाडलंत. कडा कटिंगला लावल्या नाहीत, कारण तो समासात अगदी टोकापर्यंत लिहायचा आणि मशीननं दोन सूत जरी घेतले असते तरी इंचांचा रकाना गेला असता. वही हातात देताना त्याच्या आईला म्हणालात, “मोजून घ्या ताई, शंभर आहेत.”

तिनं मोजली. दुकानात उभं राहून, बोटाला थुंकी न लावता, एकेक करून. तुम्ही तोवर दुसरं गिऱ्हाईक थांबवून ठेवलंत आणि पंखा बंद केलात, पानं उडू नयेत म्हणून.

मामा, या शहरात माणसं अजून अशी आहेत. पुरात अनोळखी घरात भाकरी पोचवणारी आहेत, बोटीत आधी म्हातारीला आणि मग तिच्या शेरडाला घेणारी आहेत. पण कोऱ्या पानाला हात लावतानाही ते कुणाचं तरी आहे हे धरून चालणारा माणूस आम्हाला तुमच्या रूपानं भेटला.

पाचही वह्या आता वरच्या मजल्यावर आहेत, उभ्या नव्हे, आडव्या, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. सिलिका जेलच्या पुड्या रंग बदलला की बदलतो. घडी दाबायची तुमची ती लाकडी पट्टी सहाव्या वहीत राहून आलीय. गुरुवारी दुकानावर आणून देतो.

तुमचे,
त्याच्या घरचे आणि त्याचे मित्र
कोल्हापूर