सतराव्या जागेसाठी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. भारताने ओमानवर 17 गोल चढवलेले पाहून तू चिडलास आणि हॉकीच्या ज्युनियर वर्ल्ड कपला 24 संघ घेतलेच कशाला, असं विचारलंस. तू गोलकीपर, तुला ते गोल जास्त लागणारच. मलाही तो सामना पुरता बघवला नाही. पण पाकिस्तानने माघार घेतली म्हणून ओमानला बोलावलं होतं, एवढं मनात धर.

मी मात्र शेवटपर्यंत बांगलादेशाच्या मागे होतो. त्यांच्या गटात ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स. साहजिकच ते 17 ते 24 क्रमांकांच्या लढतींत गेले. वर्तमानपत्रांत या सामन्यांना दोन ओळीसुद्धा मिळत नाहीत, आणि तेच मला खुपतं. ही पोरं तिथवर आली कशी ते बघ ना! आशियात ज्युनियर आशिया कपच्या खाली ज्युनियर एएचएफ (एशियन हॉकी फेडरेशन) कप असतो. थायलंड, श्रीलंका, सिंगापूर यांच्यासारख्या संघांची ही पात्रता स्पर्धा. 2024 ची सिंगापूरला झाली. बांगलादेश ती खेळून त्याच वर्षाअखेर मस्कतच्या ज्युनियर आशिया कपला गेला. तिथे आपण अंतिम सामन्यात पाकिस्तानला 5-3 हरवलं, तेवढंच आपल्याकडे लक्षात राहिलं. बांगलादेशाने त्याच स्पर्धेत वर्ल्ड कपची जागा मिळवली. हॉकीच्या कुठल्याही वर्ल्ड कपमधली त्यांची ही पहिलीच जागा. खालची ती पायरी नसती, तर 21 वर्षांखालच्या या मुलांना परक्या संघांशी असे सामने मिळाले असते कुठे?

आणि त्यांचा तो अमीरुल इस्लाम! अख्ख्या स्पर्धेत सर्वाधिक, 18 गोल. सतराव्या क्रमांकाच्या संघाचा खेळाडू सगळ्यांच्या वर. बहुतेक गोल पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे समोरच्याने गोलजवळ नियम मोडला की गोलरेषेवरून चेंडू आत देऊन घ्यायच्या फटक्यावर. मला यात लहान संघाचं शहाणपण दिसतं. मैदानी गोल करायचा तर बचावापासून आघाडीपर्यंत सगळी फळी तयार लागते, आणि तशी फळी घडायला वर्षं जातात. कॉर्नरला चेंडू आत ढकलणारा, थांबवणारा आणि फ्लिक मारणारा, असे तिघे पक्के हवेत. समोर बचावाला गोलकीपर धरून पाचच जण. म्हणजे डीत, गोलसमोरच्या त्या अर्धवर्तुळात, शिरून कॉर्नर मिळवला, की मोठ्या संघालाही घाम फुटतो. आपल्या मुरमाच्या मैदानावर चेंडू असा उडायचा, की कॉर्नर थांबवतानाच आपली निम्मी हिंमत संपायची. आठवतं?

शेवटी त्यांनी ऑस्ट्रियाला 5-4 हरवून सतरावी जागा घेतली. मी एकटाच खोलीत उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

पुढचा ज्युनियर एएचएफ कप आपण एकत्र बघायचा. तू गोलकीपरांवर नजर ठेव, हाफलाइन माझ्याकडे. तारखा कळल्या की लगेच कळवतो. गुडघ्याची काळजी घे.

तुझाच,
जुना लेफ्ट हाफ