रिंग ऑफ ऑनरचे काय करावे : मित्रास पत्र

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. पगार पुरत नसतानाही मी रिंग ऑफ ऑनर या अमेरिकी व्यावसायिक कुस्ती-कंपनीच्या डीव्हीडी टपालाने मागवत असे, याची तू आठवण करून दिलीस आणि आता त्या कंपनीचे नाव माझ्या पत्रांतून का येत नाही, ती बुडाली काय, असे विचारलेस. ती बुडालेली नाही. बंद पडलेल्या मैदानाची निदान आठवण तरी काढली जाते. येथे मैदान भरते, पैलवान येतात, लढती होतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

गावच्या यात्रेत जोडी लावण्याचे काम तू इतकी वर्षे करतो आहेस, म्हणून तुला हे सविस्तर लिहितो. येथील निकाल आधी ठरलेला असतो, म्हणजे आपल्या भाषेत सगळ्याच कुस्त्या नुरा. 'नुरा कुस्ती बघायला एवढ्या लांब गेलास काय?' असे काकांनी मला ऐकवले होते, ते मी विसरलेलो नाही. परंतु येथे ही गोष्ट लपवलेली नसते, आणि जाणता प्रेक्षक निकाल कळावा म्हणून येत नाही, तर ठरलेला निकाल त्या दोघांनी किती पटेल असा घडवला हे पाहायला येतो. त्यामुळे जोडी लावणाऱ्याची अक्कल येथे तुमच्यापेक्षा जास्तच उघडी पडते.

2001 साली डब्ल्यूसीडब्ल्यू आणि ईसीडब्ल्यू या दोन्ही अमेरिकी कुस्ती-कंपन्या संपल्या. ईसीडब्ल्यूच्या चित्रफिती विकून चालणाऱ्या फिलाडेल्फियाच्या एका व्यवसायाला विकायला नवा माल हवा होता, त्या गरजेतून फेब्रुवारी 2002 मध्ये रिंग ऑफ ऑनर उभी राहिली. पहिल्या दिवशी शेवटची लढत लो की, ख्रिस्तोफर डॅनियल्स आणि ब्रायन डॅनियल्सन या तिघांत झाली. सभागृहात काहीशे माणसे, दूरचित्रवाणीवर काही नाही, आणि खरा गल्ला टपालाने जाणाऱ्या फितींचा. लढतीच्या आधी आणि नंतर हस्तांदोलन करायचे, हा नियम त्यांनी घातला. ऐकायला तो भाबडा वाटतो. पण एकदा नियम घातला की तो मोडणारा माणूस काही न बोलता खलनायक ठरतो, आणि हे त्यांना नेमके कळले होते.

2004 मध्ये सामोआ जो आणि सीएम पंक दोनदा साठ-साठ मिनिटे लढून बरोबरीत सुटले. आपल्याकडे तासभर चाललेली कुस्ती बरोबरीत सुटली तर लोक पंचाच्या नावाने ओरडतात. त्या फिती मात्र हातोहात फिरल्या. पुढच्या वर्षी पंक डब्ल्यूडब्ल्यूई या सर्वात मोठ्या कुस्ती-कंपनीत जाणार हे सर्वांना ठाऊक होते. कंपनीने ती गोष्ट दडपली नाही. उलट त्यालाच विजेता केले, त्याने नव्या मालकाचा करार याच कंपनीच्या विजेतेपदाच्या पट्ट्यावर ठेवून सही केला, आणि तो पट्टा घेऊन पळून जाणार या भीतीवर सगळा उन्हाळा रंगवला. अखेर ऑगस्टमध्ये जेम्स गिब्सनने तो पट्टा जिंकून कंपनीतच ठेवला. आपला पैलवान दुसरा कुणी नेणार याचे दुःख करत बसण्याऐवजी त्याच्या जाण्याचीच कुस्ती लावली, याहून मोठी हुशारी मी या धंद्यात पाहिलेली नाही.

मग बिघडले कोठे? माझे मत तुला कदाचित पटणार नाही, कारण बाहेरून पाहणाऱ्याला कंपनीचा सर्वात मोठा दिवस एप्रिल 2019 मधला वाटतो. जपानच्या न्यू जपान प्रो-रेसलिंग या कंपनीबरोबर तिने न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे मोठे सभागृह भरवले. मी वरच्या मजल्यावर बसलो होतो. रिंग ऑफ ऑनरच्या पट्ट्यासाठी शिड्या लावून तिघांची लढत झाली आणि मॅट टेव्हन जिंकला. माझ्या आसपासचे लोक त्या वेळी शेवटच्या लढतीसाठी पाणी आणून ठेवत होते, आणि ती शेवटची लढत जपानी कंपनीच्या पट्ट्यासाठी ओकाडा आणि जे व्हाइट यांच्यात होती. घर पाहुण्यांनी भरले होते, पण पाहुणे दुसऱ्याचे होते. ज्यांच्या जोरावर आधीची काही वर्षे तिकिटे खपली, ते कोडी आणि यंग बक्स ही जोडी तर 2018 च्या अखेरीसच बाहेर पडून एईडब्ल्यू या नव्या कुस्ती-कंपनीच्या उभारणीला लागले होते. पुढे महासाथ आली, 2021 च्या अखेरीस सर्वांचे करार संपवण्यात आले, आणि मार्च 2022 मध्ये एईडब्ल्यूच्या टोनी खान यांनी कंपनी विकत घेतली.

आता तू म्हणशील, श्रीमंत मालक मिळाला, मग चिंता कसली? माझ्या मते चिंता तीच आहे. तिकीट खपले नाही तर दिवा विझेल अशी स्थिती नसल्यामुळे कुणालाही काही ठरवण्याची घाई नाही. मार्च 2023 पासून साप्ताहिक कार्यक्रम कंपनीच्या स्वतःच्या सशुल्क सेवेवर दाखवला जातो, पण त्याचे चित्रीकरण पुष्कळदा एईडब्ल्यूच्याच सभागृहात, त्यांच्या कार्यक्रमाच्या आधी किंवा नंतर उरकले जाते. समोरची माणसे तिकीट काढून दुसरे काही पाहायला आलेली असतात. ती थकलेली असतात आणि तो थकवा पडद्यावर दिसतो. मी मालक असतो तर सर्वप्रथम हे थांबवले असते. महिन्यातून एकदा, एकाच ठरलेल्या जागी, शक्यतो फिलाडेल्फियाच्या 2300 अरीनात, फक्त याच कंपनीसाठी तिकीट काढणाऱ्या हजारभर माणसांसमोर चित्रीकरण करावे, आणि त्यातून तासाभराचे चार भाग काढावेत. खासबाग म्हटले की उतरत्या बैठकींवर दाटलेली माणसे जशी डोळ्यांसमोर येतात, तशी या कंपनीची एकही वास्तू आज कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

दुसरी गोष्ट त्यांच्या घरातच पडून आहे. 2004 मध्ये त्यांनी 'प्युअर' नावाचा वेगळा पट्टा काढला होता. त्याचे नियम तुला आवडतील. पकडीतून सुटण्यासाठी रिंगच्या दोराला हात लावण्याची सवलत प्रत्येकाला तीनदाच. ती संपली की दोर धरूनही सुटका नाही. चेहऱ्यावर मूठ मारली तर पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा बाद. या एका नियमामुळे लढतीला हिशेब येतो: समोरच्याच्या दोन सवलती संपल्या आहेत, तो दोराकडे सरकतो आहे, आणि प्रेक्षक निवेदकाच्या मदतीशिवाय मनात आकडा मोजतो आहे. हा पट्टा 2006 मध्ये बंद झाला आणि 2020 मध्ये, रिकाम्या सभागृहांच्या दिवसांत, पुन्हा आणला गेला, तेव्हा जोनाथन ग्रेशमने तो जिंकलेली स्पर्धा मला त्या वर्षातली सर्वात स्वच्छ कुस्ती वाटली. असे कुस्तीचे नियम मोठ्या कंपन्या आपल्या मुख्य लढतीला लावणार नाहीत, कारण त्यांना दहा तऱ्हेच्या प्रेक्षकांना सांभाळायचे असते. म्हणून हाच पट्टा कंपनीचा मुख्य पट्टा करावा आणि उरलेले निम्मे काढून टाकावेत. पट्टे फार झाले की कंबरा शोधाव्या लागतात.

सगळेच वाईट चालले आहे असे मात्र समजू नकोस. अथीना ही मल्ल डिसेंबर 2022 मध्ये महिलांची विजेती झाली आणि दोन वर्षांहून अधिक काळ तिने पट्टा सोडला नाही. तिने बिली स्टार्क्झ या कोवळ्या मुलीला हाताशी धरले, शिकवले, छळले, आणि 2023 च्या फायनल बॅटल या कंपनीच्या वर्षाअखेरच्या मोठ्या कार्यक्रमात त्या दोघींची लढत शेवटची ठेवली गेली. वस्ताद आणि पठ्ठा यांची ही गोष्ट दुसरीकडे कोठे पाहायला मिळत नव्हती, आणि म्हणून ज्यांनी ती पाहिली ते टिकले. अशा तीन गोष्टी एका वेळी चालू असल्या तरी मला पुरे आहे. त्यासाठी पंधरा-वीस पैलवान फक्त येथलेच असावेत, आणि त्यातला एखादा मोठा होऊन एईडब्ल्यूत जाणार असेल तर 2005 प्रमाणे त्याच्या जाण्याची लढत लावावी. आज माणूस इकडून तिकडे जातो तेव्हा ते कळतही नाही.

या सोबत तीन लढतींची नावे वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. प्युअर नियमांची लढत आधी पाहा, आणि दोराला किती वेळा हात लागला ते मोजत पाहा. काकांना दाखवलीस तर ते काय म्हणाले ते जसेच्या तसे कळव, शिव्यांसकट. वहिनींना नमस्कार.

तुझा मित्र