शिडी लावून वर चढलेल्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

पत्र मुद्दाम उशिरा लिहितेय. आधी या घरात एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढून बघायचा होता.

तुम्ही येण्याआधी दोन वर्षं आमची फाईल दोन कार्यालयांत फिरत होती. वीजबचतीच्या योजनेतून छताखाली इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, मिळणार होतं, पण पत्रा गळतो आणि भिजलेलं इन्सुलेशन वाया जातं, म्हणून अर्ज परत आला. वादळापासून संरक्षण देणारं कार्यालय म्हणालं, आम्ही छप्पर पट्ट्यांनी भिंतीशी जखडून देतो, गळती आमच्याकडे येत नाही. आणि कुजलेल्या वाशांना पट्ट्या मारून उपयोग तरी काय? पुढे कळलं, अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या घरांसाठी अशी इन्सुलेशनची योजना १९७६ पासून आहे आणि तिथेही गळक्या छपराची घरं याच कारणाने मागे पडतात. दोष कुणा एका साहेबाचा नव्हता. निधीच वेगवेगळ्या खात्यांत अडकलेला होता.

तुम्ही शिडी लावलीत, वळचणीच्या फटीत हात घातलात आणि मलाही वर बोलावलंत. थंडीतली ऊब इथूनच जाते आणि वादळही इथूनच आत शिरतं, म्हणालात. आत शिरलेला वारा पत्र्याला खालून ढकलतो, वरचा वारा ओढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. मग दोन्ही कार्यालयांची माणसं तुम्ही एकाच दिवशी आमच्या अंगणात आणलीत. त्या दिवसाचं मोल मी कसं सांगू!

पत्रे एकदाच उतरले. कुजके वासे बदलले, प्रत्येक वासा लोखंडी पट्टीने भिंतीशी जखडला, मग इन्सुलेशन, मग पुन्हा पत्रे. कडेला आणि कोपऱ्यांत हुक जवळजवळ घ्यायला तुम्हीच लावलंत, कारण वारा तिथेच सर्वांत जास्त ओढतो. एका हुकाचा रबरी वॉशर चिरलेला दिसला, तर तो काढून दुसरा घालेपर्यंत तुम्ही खाली उतरला नाहीत. वरून पांढरा रंग दिला.

यंदा वादळ झालं. पत्रे जागचे हलले नाहीत. नंतर वीज नव्हती, ऊन मात्र कडक होतं. तरी भर दुपारी सासूबाई पंख्याशिवाय आतल्या खोलीत शांत झोपल्या. पूर्वी अशा दिवसांत त्यांना झाडाखाली नेऊन बसवावं लागायचं.

शेजारच्या काकूंचा अर्जही गळतीमुळेच परत आलाय. त्यांच्या कागदांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. दोन्ही कार्यालयांच्या माणसांना घेऊन एकदा त्यांच्याकडेही याल का? चहा आमच्याकडे.

आपली कृतज्ञ,
त्या पांढऱ्या छताखालची घरमालकीण