डेन्व्हरचा विजय नुसत्या सेकंदात मोजू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

क्रीडा पानावर ड्रॅग रेसिंगबद्दल (सरळ पट्ट्यावर दोन गाड्या एकदम सुटतात ती शर्यत) कधीतरी चार ओळी येतात, त्यात कोण जिंकलं, किती सेकंद लागले आणि स्पीड किती एवढंच असतं. या हिशोबाने बघितलं तर अमेरिकन ड्रायव्हर ॲन्ट्रॉन ब्राऊनने २००९ मध्ये डेन्व्हरला टॉप फ्युएल (या खेळातला सगळ्यात वेगवान गाड्यांचा गट) जिंकलं ते अगदीच किरकोळ वाटेल. मला विचाराल तर त्याच्या सुरुवातीच्या विजयांमधला सगळ्यात भारी विजय तोच.

हा माणूस त्याआधी दहा सीझन प्रो स्टॉक मोटरसायकल चालवत होता, २००८ ला टॉप फ्युएलमध्ये आला, म्हणजे दोन चाकांवरून उठून थेट हजारो हॉर्सपॉवरच्या त्या लांबलचक ड्रॅगस्टरमध्ये (ही काय चेष्टा आहे का?), आणि डेन्व्हर जिंकला तेव्हा नवीन गाडीतला त्याचा दुसराच सीझन चालू होता.

आता ट्रॅक बघा. डेन्व्हरची रेस व्हायची तो कोलोरॅडोमधल्या मॉरिसनजवळचा बँडिमेर स्पीडवे, समुद्रसपाटीपासून साधारण ५,८०० फुटांवर, डोंगराला अगदी खेटून. तिथली हवा खालच्यापेक्षा साधारण सहाव्या हिश्श्याने विरळ, त्यात रेस जुलैच्या उन्हात, म्हणजे हवा अजून पातळ. प्रो स्टॉक गटातल्या गाड्यांसारख्या, हवा आपोआप ओढणाऱ्या साध्या इनटेकच्या इंजिनाचा तर श्वासच कोंडतो. टॉप फ्युएलवाल्यांचं थोडं बरं, कारण त्यांच्या इंधनात, म्हणजे नायट्रोमिथेनमध्ये, स्वतःचा ऑक्सिजन असतो, शिवाय वर ब्लोअर (इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंप) बसवलेला असतो, मग पुली बदलून ब्लोअर जास्त जोरात फिरवायचा, कॉम्प्रेशन वाढवायचं, पण त्या हवेला फ्युएल किती द्यायचं हा हिशोब चुकला की एखादा सिलिंडर बंद पडतो नाहीतर पिस्टन जळून जातो आणि रन संपला.

एवढं करून पॉवर मिळवली तरी ती रस्त्यावर उतरवायची कशी हा वेगळाच ताप. मागचा मोठा विंग हवेच्या जोरावर टायर दाबून धरतो, पण हवाच कमी म्हटल्यावर दाब पण कमी, त्यामुळे टायरची पकड लगेच सुटते. गाडी थांबवायच्या पॅराशूटला सुद्धा हवा कमी मिळते, नशीब एवढंच की तिथे गाडी थांबायचा पट्टा चढावर होता. म्हणून तिथे गाडीला दुसरीकडच्यापेक्षा एखादा दशांश सेकंद जास्त लागला तर ‘स्लो’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांचा मला राग येतो. आणि एक, २००८ च्या जूनमध्ये ड्रायव्हर स्कॉट कॅलिटाचा रेसमध्ये अपघाती मृत्यू झाल्यावर नायट्रो गाड्यांसाठी अंतर पाव मैलावरून १,००० फूट केलं, ते पण डेन्व्हरच्याच रेसपासून, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या वेळा शेजारी ठेवून तुलना करण्यात तसाही अर्थ नाही.

खरी गंमत डेन्व्हरनंतर. डेन्व्हर, सोनोमा, सिॲटल या तीन लागोपाठच्या रेसेसना वेस्टर्न स्विंग म्हणायचे. डेन्व्हरला गाडी जिंकली म्हणून तोच सेटअप सोनोमाला नेला तर तिथली खालची, खाडीवरून येणारी गार दाट हवा इंजिनचा निकाल लावेल. म्हणजे जिंकलेला सेटअप मोडून काही दिवसांत पार उलटा जमवायचा. ब्राऊनच्या टीमने तेही केलं, तिन्ही रेस त्यानेच मारल्या. हे पहिल्यांदा जो अमाटोने १९९१ ला करून दाखवलं होतं, आदल्याच वर्षी टोनी शूमाकरने केलं होतं, बाकी असे लोक हातावर मोजण्याइतकेच. ब्राऊन पुढे २०१२ ला टॉप फ्युएल चॅम्पियन झाला, नंतर अजून तीनदा झाला, त्याच्या बातम्या सगळ्यांना माहीत असतात, डेन्व्हरचं मात्र कोणी नावही काढत नाही.

आणि आता ते परत होणारही नाही. १९५८ पासून बँडिमेर कुटुंबाने चालवलेला हा ट्रॅक २०२३ च्या सीझननंतर बंद झाला, पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरमधून डेन्व्हर गेलं आणि वेस्टर्न स्विंगमध्ये सिॲटल आणि सोनोमा एवढंच उरलं. तीन रेसचा तो जुना स्वीप आता कितीही चांगला ड्रायव्हर आला तरी मारू शकत नाही, कारण पहिली पायरीच काढून टाकलीय.

विनंती एवढीच, पुढच्या वेळी ड्रॅग रेसिंगचा निकाल छापाल तेव्हा वेळेच्या शेजारी ट्रॅकची उंची आणि त्या दिवसाचं तापमान पण टाका, अर्धी ओळ जास्त लागेल. आणि जागा असेल तर बँडिमेरवर एक लेख येऊ द्या, प्रो स्टॉकमधल्या ॲलन जॉन्सनने तिथे एवढ्या वेळा कसं काय मारलं ते मला पण वाचायचंय.

आपला,
एक नियमित वाचक